इंग्रजीच्या तासाला मुलं खोटं लिहायला शिकतात

इंग्रजी पहिलीपासून असावी की पाचवीपासून, सेमी बरं की इंग्रजी माध्यम, यावर आपल्याकडे भरपूर बोलून झालंय. 2000 साली राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली, तेव्हापासून हा वाद चालूच आहे. मी बीड जिल्ह्यात इंग्रजी शिकवतो. या तासाला मुलाच्या मनाचं काय होतं, यावर मात्र कुणी बोलत नाही.

सातवीला 'माय मदर' निबंध दिला होता. बहुतेक वह्यांत एकच आई. पहाटे पाचला उठते, पूजा करते, चविष्ट स्वयंपाक करते, संध्याकाळी अभ्यास घेते. गाईडमधली आई. एका मुलानं तीच उतरवली होती, स्पेलिंगसकट बिनचूक. त्याची खरी आई दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळीबरोबर कर्नाटकात गेलेली. हा आजीजवळ राहतो. शेजारी बसवून विचारलं, आई आत्ता काय करत असेल? "मोळ्या बांधत असंल, नाहीतर गाडी भरत असंल." म्हटलं, मग हेच लिहू. 'माय मदर कट्स शुगरकेन. शी टाइज बंडल्स. शी लोड्स द ट्रक ॲट नाइट.' पुढचं वाक्य त्यानं स्वतःच केलं, 'शी फोन मी संडे.' व्याकरण चुकलेलं, पण वाक्य त्याचं होतं. मग हळूच म्हणाला, "सर, असं पेपरात लिव्हलं तर मार्क मिळतेल का?"

खरी आई लिहिली तर मार्क जातील, ही भीती त्या लेकराच्या मनात कुणी घातली? माझ्या मते हे पाप आहे, आणि मी हा शब्द विचार करून वापरतोय. स्वतःच्या आईबद्दल खोटं लिहून शाबासकी मिळवायची सवय सातवीत लागली, की दहावीला इंग्रजीच्या पेपराला खिडकीतून आलेली चिठ्ठी घेताना हात कशाला थरथरेल? कॉपीमुक्त अभियानं येतात, भरारी पथकं येतात. पण ज्या भाषेत आपलं म्हणून एक वाक्यही कधी लिहू दिलं नाही, तिचा पेपर मूल दुसऱ्याच्याच शब्दांत लिहिणार.

आपल्या मातीतली शिकवण याच्या अगदी उलट आहे. पैठणला नाथांनी संस्कृतातलं ज्ञान लोकांच्या बोलीत आणलं. गंगाखेडच्या जनाबाईंनी दळण-कांडण, झाडलोट, शेणी वेचणं, जे रोज हाताखालून जात होतं ते थेट विठ्ठलापुढे मांडलं. आपलं जगणं देवापुढे ठेवायला त्यांना लाज वाटली नाही. मग ऊसतोडीचं जगणं इंग्रजीच्या वहीत आणायला लाज का वाटावी? मला तर ही अध्यात्माचीच गोष्ट वाटते. जे आहे ते आहे तसं, मान वर करून सांगता येणं.

"मग इंग्रजी कशाला, मराठीतच सांगू की," असं काही मित्र कळकळीनं म्हणतात. त्यांना एवढंच सांगतो, की परक्या भाषेतल्या कागदानं मराठवाड्याला फार छळलंय. निजामाचा कारभार उर्दूत चालायचा. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायची वेळ आली, तेव्हा स्वतःच्याच खापरपणजोबाची नोंद वाचायला उर्दू आणि मोडी जाणणारी माणसं शोधावी लागली. आज तलावात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याचं अपील संभाजीनगरला खंडपीठात जातं, आणि तिथलं कामकाज इंग्रजीत. प्रतिज्ञापत्रावर 'सत्य आहे' म्हणून सही शेतकऱ्याची, आणि आत काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नाही. त्याच्या लेकीला तरी ते वाचता आलं पाहिजे, आणि "वकीलसाहेब, हे असं घडलंच नव्हतं" असं म्हणता आलं पाहिजे. म्हणून इंग्रजी शिकवायचीच, जीव ओतून शिकवायची. ती गरिबाच्या पोराला नाकारणं हाही अन्यायच आहे.

सातवीचे पेपर बोर्ड तपासत नाही, आपणच तपासतो. तेव्हा माझ्या शिक्षक भावा-बहिणींना हात जोडून विनंती आहे. येत्या सत्र परीक्षेत गाईडमधल्या बिनचूक निबंधापेक्षा चार चुका असलेल्या खऱ्या निबंधाला जास्त गुण द्या, आणि ते का दिले हे सगळ्या वर्गासमोर सांगा. फड, कोयता, मोळी, टोळी यांना इंग्रजीत काय म्हणायचं ते फळ्यावर लिहून द्या. पालकसभेत एखादी आई आली, तर तिच्या मुलानं तिच्यावर लिहिलेलं तिला मराठीत समजावून सांगा.