बिलं थकतात तेव्हा ती तूट कुणाच्या घरी जाते?

बरेच दिवस लिहायचं होतं, आज बसलेच. लांबलंय, पण शेवटपर्यंत वाचा.

मी ३४ वर्षं ट्रेझरीत नोकरी केली. क्लार्क म्हणून लागले, उपकोषागारात अधिकारी म्हणून रिटायर झाले. सरकारचा पैसा येतो कसा, जातो कसा आणि अडतो कसा हे मी टेबलावर आलेल्या बिलांतून बघितलंय, त्यामुळे टीव्हीवर बजेटची चर्चा लागली की मला राहवत नाही.

परवा भाच्याचा फोन आला. तो छोटी सरकारी कामं घेतो, शाळेची कंपाउंड वॉल, गावातला सिमेंटचा रस्ता, समाजमंदिराची दुरुस्ती वगैरे. एका खात्याचं काम त्यानं वेळेत पुरं करून दिलं, एमबी झाली, म्हणजे मोजमाप वहीत कामाची नोंद झाली, बिल सबमिट झालं, आणि १४ महिने झाले पैसे नाहीत. साहेब म्हणतात काम चांगलं झालंय, वरून फंड आला की लगेच काढतो. सिमेंटवाल्याचे द्यायचेत, जेसीबीवाला दारात येऊन बसतो. कामावरच्या बायकांची मजुरी मात्र यानं दर बाजारच्या दिवशी चुकती केली, कारण त्या थोड्याच १४ महिने थांबणार. त्यासाठी सुनबाईच्या पाटल्या आणि गंठण पतसंस्थेत गहाण ठेवलंय. "मावशी, तू ट्रेझरीत होतीस ना, कुणाला तरी सांगून बघ ना" म्हणाला. काय सांगणार मी? बिल ट्रेझरीत पोचलंच नाहीये. बीम्सवर, म्हणजे सरकारच्या निधीवाटपाच्या कॉम्प्युटर प्रणालीवर, निधीच पडला नाही तर बिल निघतच नाही, तिथं कुणाची ओळख चालत नाही.

आता मूळ मुद्दा. महाराष्ट्राच्या २०२५-२६ च्या बजेटमध्ये खर्च धरला होता ७ लाख कोटींच्या जरासा वर. महसुली जमा ५ लाख ६० हजार ९६४ कोटी, महसुली खर्च ६ लाख ६ हजार ८५५ कोटी, म्हणजे महसुली तूट ४५ हजार ८९१ कोटी. राजकोषीय तूट, म्हणजे कर्ज काढून भागवायची एकूण तूट, १ लाख ३६ हजार २३५ कोटी. आणि मार्च २०२६ अखेर डोक्यावरचं कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींच्या घरात जाईल असा अंदाज होता. २०१४-१५ च्या सुमारास हाच आकडा तीन लाख कोटींच्या आसपास होता, आणि मधल्या काळात सगळ्याच पक्षांनी सत्ता भोगलीय, तेव्हा कमेंटमध्ये तुमचं सरकार आमचं सरकार कृपया करू नका.

यावर सरकारचं उत्तर ठरलेलं असतं. कर्ज राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या १९ टक्क्यांच्या आसपास आहे, मर्यादा २५ ची, राजकोषीय तूट ३ टक्क्यांच्या आत, पंजाब बघा चाळिशीच्या वर गेलाय, आपलं उत्तम चाललंय. आकडे खरे आहेत, मी नाकारत नाही. पण हे आकडे कसे तयार होतात ते ट्रेझरीत बसलेल्या माणसाला विचारा. सरकारचे हिशेब रोखीवर चालतात. पैसे ज्या दिवशी तिजोरीतून बाहेर पडले त्या दिवशी खर्च पडला. काम झालं, मोजमाप झालं, बिल टेबलावर आलं, पण पैसे दिले नाहीत तर हिशेबात खर्च झालेलाच नाही! माझ्या भाच्याचं बिल ना राजकोषीय तुटीत आहे ना त्या ९ लाख ३२ हजार कोटीत. ते सरकारनं त्याच्याकडून घेतलेलं बिनव्याजी कर्ज आहे, त्याला न विचारता घेतलेलं, आणि त्याचं व्याज तो पतसंस्थेत भरतोय. अशी किती बिलं राज्यभर पडून असतील? ३ टक्क्यांची मर्यादा पाळल्याचं श्रेय सरकारला आणि ती पाळण्याची किंमत असल्या पोरांना.

३१ मार्चची रात्र ज्यांनी बघितली नाही त्यांना हे कळणार नाही. आम्ही रात्री एक-दीडपर्यंत बसायचो. वर्षभर निधी दाबून ठेवायचा आणि शेवटच्या चार दिवसांत एकदम सोडायचा, मग सगळ्या खात्यांचे लोक पिशवीत बिलं भरून पळत यायचे, कारण बारा वाजले की अनुदान लॅप्स, उरलेला निधी बुडाला. एकदा एक ओव्हरसियर पावणेबारा वाजता आला, बिलावर लेखाशीर्ष, म्हणजे खर्च कुठल्या खात्यावर टाकायचा तो कोड, चुकलेलं, सही करणारे साहेब ६० किलोमीटरवर. बिल परत करावं लागलं. तो काउंटरवर दोन्ही हात टेकवून नुसता उभा राहिला, काही बोलला नाही. ते काम एका ओढ्यावरच्या फरशी पुलाचं होतं. निधी एप्रिलपासून थोडा थोडा मिळाला असता तर ही वेळच आली नसती.

आणि तंगी आली की कात्री कुठं लागते तेही बघा. ४ मे २०२० चा जीआर आठवतो का? कोविडमध्ये विकासकामांच्या खर्चाला थेट ६७ टक्के कात्री. तेव्हा दुसरा इलाजच नव्हता, मान्य, सगळ्या जगाची तीच गत होती, केंद्राची तूटसुद्धा त्या वर्षी जीडीपीच्या ९.२ टक्क्यांवर गेली. पण सवय तीच राहिली. पगार थांबवता येत नाही, पेन्शन थांबवता येत नाही, व्याज तर एक दिवस थांबवता येत नाही, मग थांबतो रस्ता, थांबते शाळेची खोली, थांबतं कंत्राटदाराचं बिल. राज्याचं नुसतं व्याज वर्षाला ६० हजार कोटींच्या वर गेलंय, म्हणजे दिवसाला दीडशे कोटींहून जास्त, रविवार, दिवाळी सगळं धरून.

आता लाडकी बहीण. इथं लोक लगेच दोन बाजूंना उभे राहतात म्हणून नीट सांगते. आमच्याकडे धुण्या-भांड्याला येणाऱ्या ताईंना ते १५०० मिळतात. पहिल्यांदा मेसेज आला तेव्हा त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला, "बघा बरं खरंच आलेत का". त्या पैशातून पोरीचा एसटीचा पास आणि क्लासची फी निघते. आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला न विचारता त्यांनी खात्यातून पैसे काढले. त्यामुळे बायकांना फुकटे म्हणणाऱ्यांनी माझ्या वॉलवर येऊ नये, हा पैसा वाया गेला असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही.

माझा राग योजनेवर नाही, तिच्या हिशेबावर आहे. २८ जून २०२४ ला बजेटमध्ये योजना जाहीर झाली, वर्षाला ४६ हजार कोटी लागतील म्हणून सांगितलं. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत त्याच अधिवेशनात ९४ हजार ८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या, त्यात या योजनेचे २५ हजार कोटी! पुरवणी मागणी म्हणजे बजेट करताना अंदाज आला नव्हता असा खर्च. पंधरा दिवसांत काय असं अचानक कळलं? मग पुढच्या वर्षी ३६ हजार कोटी धरले. आणि २०२५ च्या उन्हाळ्यात हप्ता द्यायला सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी आणि आदिवासी विकासचे ३३५ कोटी वळवले म्हणून मंत्र्यांनीच जाहीर नाराजी दाखवली. सरकारचं म्हणणं की त्या समाजातल्या बहिणींनाच पैसे जातायत. तांत्रिकदृष्ट्या बसत असेल ते, पण हॉस्टेलच्या मुलांचं काय हा प्रश्न उरतोच.

आणि याच महाराष्ट्रानं हे काम एकदा नीट करून दाखवलंय, याचंच मला जास्त वाईट वाटतं. रोजगार हमी. १९७२ च्या दुष्काळात लोक खडी फोडायला गेले, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागेंनी कल्पना लावून धरली, आणि हमी द्यायची तर पैसा कुठून आणायचा हे तेव्हाच ठरवलं. १९७५ ला व्यवसाय कराचा कायदा आला. तुमची पगाराची स्लिप काढून बघा, पीटी म्हणून दरमहा २०० कापतात आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे अडीच हजार, तोच तो. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून गावातल्या मजुराच्या हाताला काम, आणि जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारनं स्वतःची घालायची. कुरकुर झाली असेल, कर कुणाला आवडतो, पण लपवाछपवी नव्हती. मी मस्टरची, म्हणजे मजुरांच्या हजेरीपटाची, बिलं पास केलीत, त्यात घोळही बघितलेत, पण पैसा कुठून येणार हा प्रश्न त्या योजनेला कधी पडला नाही. नंतर अख्ख्या देशानं २००५ ला तसा कायदा केला.

कर्जाच्या मी विरोधात नाही हेही सांगते. कर्ज काढून धरण बांधा, रस्ता बांधा, पुढच्या पिढीनं वापरायचं तर तिनं थोडं फेडलं तर काय बिघडलं. पण त्यातही आपण हात पोळून घेतलेत. १९९६ ला कृष्णा खोरे महामंडळ काढलं, कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाची मे २००० ची मुदत होती, त्याच्या आत पाणी अडवायचं म्हणून बाजारातून रोखे काढून पैसा उभा केला, तो बजेटच्या बाहेर. भाराभर कामं एकदम काढली, भिंती उभ्या राहिल्या आणि कालव्यांना पैसा पुरला नाही. हमी सरकारची होती, त्यामुळे परतफेडीचा भार शेवटी तिजोरीवरच आला. टेंभू उपसा योजनेच्या पाण्यासाठी दुष्काळी आटपाडीच्या लोकांनी किती वर्षं वाट बघितली ते त्यांनाच विचारा. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून सुरू होतं.

मलाही जुनं पेन्शन मिळतं. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या पोरांना ते नाही, आणि मी घेते त्या पेन्शनचा बोजासुद्धा याच ७ लाख कोटींत आहे. त्यामुळे फक्त गरिबांच्या योजनांकडे बोट दाखवण्याचा मला अधिकार नाही, तुम्हालाही नाही. माझ्या पेन्शनीवर कर वाढवा, मी भरीन, पण तो कशासाठी घेताय ते सांगून घ्या.

दिल्लीतही वेगळं नाही. केंद्राच्या २०२५-२६ च्या बजेटमध्ये ५० लाख ६५ हजार कोटी खर्च, त्यात १५ लाख ६९ हजार कोटींची तूट, आणि जुन्या कर्जाचं व्याज १२ लाख ७६ हजार कोटी. म्हणजे नवं कर्ज काढायचं त्यातलं बहुतेक जुन्याचं व्याज भागवण्यात जाणार. राजकोषीय शिस्तीचा कायदा २००३ ला झाला, ३ टक्क्यांचं लक्ष्य ठरलं आणि दर थोड्या वर्षांनी तारीख पुढे. १९९१ ला रिझर्व्ह बँकेनं ४७ टन सोनं इंग्लंड-जपानच्या बँकांकडे गहाण टाकलं तेव्हा मी नोकरीत नवीन होते, ऑफिसात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. तेव्हा अडचण डॉलरची होती, आताचं बहुतेक कर्ज रुपयातलं आहे, आपल्याच बँका, एलआयसी, पीएफचा पैसा रोख्यांत आहे, त्यामुळे तसं काही उद्या होईल अशी भीती मी घालत नाही.

मला दोनच गोष्टी हव्यात. एक, दर तीन महिन्यांनी सरकारनं खातेनिहाय, जिल्हानिहाय थकीत बिलांचा आकडा जाहीर करावा, तुटीच्या आकड्याशेजारीच छापावा. बीम्स आहे, सगळं कॉम्प्युटरवर आहे, मनात आणलं तर आठ दिवसांचं काम. दुसरं, नवी योजना ज्या भाषणात जाहीर होईल त्याच भाषणात तिचा पैसा कुठल्या करातून किंवा कुठला खर्च कमी करून येणार ते सांगावं, रोजगार हमीच्या वेळी सांगितलं तसं. तुमच्या आमदाराला आपल्या तालुक्यात किती बिलं थकलीत एवढं तरी विचारा, मी आमच्याकडे लेखी विचारलंय, पोच घेतलीय.

काल रात्री भाच्याचा परत फोन आला. थोडा निधी पडलाय म्हणे, ४० टक्के रक्कम निघाली. त्यातून सिमेंटवाल्याचे दिले आणि पतसंस्थेचं व्याज भरलं. गंठण अजून तिथंच आहे.