‘आधार’ हा शब्द आता पुरे

गेल्या महिन्यात माझ्या वहिनीचं लग्न झालं. हो, वहिनीचंच. दादाला जाऊन सहा वर्षं झाली. हॉलमध्ये नवरदेवाकडच्या एका काकांनी मला विचारलं, "तुम्ही मुलीच्या कोण?" म्हटलं, "नणंद." त्यांच्या हातातली जिलबी हातातच राहिली.

तेव्हापासून एकच वाक्य ऐकतेय. "बरं झालं बाई, एकमेकांना आधार झाला." हवालदार साहेबांना, म्हणजे नवरदेवाला, एक पाय नाही, तिला नवरा नाही, पोरगं आठवीत. झाली बेरीज! काहींनी तर पुढे जाऊन "त्यांची पेन्शन आहे म्हणा" असंही ऐकवलं. म्हणून हे लिहितेय. जरा लांबेल.

वहिनीचं भगूरला शिलाईचं दुकान आहे. देवळाली कॅम्प शेजारीच, त्यामुळे निम्मं गिऱ्हाईक फौजेतलं. वर्दीची फिटिंग, फिती, नावाच्या पट्ट्या. हवालदार साहेब मूळचे तोफखान्यातले. राष्ट्रीय रायफल्समध्ये असताना काश्मिरात सुरुंगावर पाय पडला. डावा, गुडघ्याखालून गेला. नवा पाय पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रातला. ("जयपूर फूट का हो?" असं विचारलं की अजून चिडतात. "पुण्याचा आहे," म्हणतात, एवढ्या ठसक्यात की पाय सदाशिव पेठेत जन्मला असावा.)

ते पँट घेऊन आले, कारण त्या पायाच्या कडेनं गुडघ्यापाशी कापड आतून घासून फाटायचं. वहिनीनं रफू करून दिलं. दोन महिन्यांनी तीच पँट, तीच जागा. तिसऱ्या खेपेला तिनं विचारलं, "साहेब, पाय काढायचा तर अख्खी पँट उतरवावी लागत असेल ना?" एवढ्या वर्षांत हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. पाय कसा गेला, हे सगळ्यांनी विचारलं होतं. तिनं आतली शिवण उसवली, घोट्यापासून गुडघ्याच्या वरपर्यंत लांब चेन बसवली, वर चेन दिसू नये म्हणून पट्टी घातली आणि गुडघ्याला आतून जाड कापडाचं अस्तर दिलं. पैसे फक्त चेनचे घेतले. पुढच्या आठवड्यात साहेब घरातल्या सगळ्या पँटी घेऊन हजर. त्यातल्या दोन तर ते कधी घालतही नव्हते, हे त्यांनी नंतर कबूल केलं.

याला आधार म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

मी काही पहिल्यापासून शहाणी नव्हते. वहिनीनं मला सांगितलं तेव्हा मी चहा अर्धा टाकून उठले आणि पंधरा दिवस फोन उचलला नाही. तिनं लग्न केलं म्हणजे दादा दुसऱ्यांदा गेला, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. तिनं दादाची आठवण म्हणून तशीच राहावं, आणि मी राखीला जाऊन रडून यावं, अशी माझी सोय होती. मग एकदा न सांगता गेले. तेव्हा लग्न झालं नव्हतं, पण साहेब पोराला गणित शिकवायला यायचे आणि घामानं भिजला की स्टंपचा, म्हणजे उरलेल्या पायावरचा, मोजा बदलायचे. मागच्या दोरीवर भाच्याचे शाळेचे मोजे वाळत होते आणि त्यांच्या शेजारी एक पांढरा, लांब मोजा. एकच. टाच नसलेला. तिघांना मिळून तीन मोजे. मी दोरीपाशी किती वेळ उभी होते कोण जाणे.

आता पेन्शनचं. दादा सिन्नरच्या एमआयडीसीत होता, त्यामुळे वहिनीला पीएफची विधवा पेन्शन होती. पुन्हा लग्न केलं की ती बंद होते. 'पुनर्विवाह केलेला नाही' अशा दाखल्यावर तिनं सही करायची, तेव्हा मी शेजारी उभी असायचे. म्हणजे बाईनं स्वतःचं हक्काचं उत्पन्न सोडून लग्न केलं, आणि तुम्ही म्हणता तिनं पेन्शन बघितली!

आमच्याकडे विधवेचं लग्न नवीन नाही. निफाडकडची माझी आजी सांगायची, म्होतूर, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, लागायचा, पण रात्रीचा, अंधारात. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, त्यातही अट होती की पुन्हा लग्न केलं तर पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क गेला. तो कायदा रद्द झाला १९८३ साली. महर्षी कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवा गोदूबाईंशी लग्न केलं, तेही आपण शिकलो समाजसुधारणा म्हणून. कोल्हापूरकडच्या हेरवाड गावाच्या २०२२ च्या ठरावानं विधवेचं कुंकू, बांगड्या राहू दिल्या, चांगलंच झालं. पण तिला कोणी आवडू शकतं, हे म्हणायला आपली जीभ अजून अडखळते. मग 'आधार' म्हणायचं, 'त्याग' म्हणायचं, 'पोरासाठी केलं' म्हणायचं. पोरासाठीच करायचं असतं तर शिकवणी लावली असती.

पोराच्या आडनावावरूनही चर्चा झडली. वडील नसतील तर मुलाचं आडनाव ठरवायचा हक्क आईचा, असं सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्येच सांगितलंय. वहिनीनं पोरालाच विचारलं. तो म्हणाला, पप्पांचंच राहू दे. साहेब म्हणाले, "राहू दे की. प्रगतिपुस्तकावर सही करायला मिळाली म्हणजे झालं." पहिल्याच चाचणीत गणितात नापास, तेव्हा सहीची संधी लगेच आली.

आमच्या एक मावशी शेवटपर्यंत म्हणत होत्या, "देवळात चार माणसांत उरकून टाका." उरकायला काय ते श्राद्ध आहे? नाशिकरोडला हॉल घेतला, भर दुपारी, दीडशे पानं उठली. साहेबांनी सप्तपदी काठीशिवाय चालली. पाचव्या पावलाला जरा डुगडुगले, तेव्हा वहिनीनं हात पुढे केला नाही, नुसती थांबली. त्यांनी तोल सावरला, मग दोघं पुढे चालले.

मावशींचे तीन ब्लाउज अजून वहिनीकडेच शिवायला आहेत. दिवाळीपर्यंत मिळतील अशी आशा त्यांनी ठेवू नये.