नवतप्यातले उष्णोदक

सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की पहिल्या नऊ दिवसांना आमच्याकडे नवतपा म्हणतात. या दिवसांत मोर्शी तालुक्यातला शहाणा माणूस सकाळची शेतातली कामे आटोपून घरी परततो, कूलरमध्ये चार बादल्या पाणी ओततो आणि कोणाची मयत झाल्याखेरीज संध्याकाळपर्यंत उंबरठा ओलांडत नाही. ज्याची ऐपत आहे तो चिखलदऱ्याला जाऊन तिथल्या गारव्यात भजी खातो. अशा ऐन नवतप्यात आमचे पुण्याचे जावई सहकुटुंब आले आणि निसर्गाच्या सान्निध्यात, एखाद्या गरम पाण्याच्या झऱ्यावर, सर्वांनी मिळून सहल काढावी अशी इच्छा त्यांनी व्यक्त केली.

एरवी मी सरळ नाही म्हटले असते. परंतु महिना अधिक ज्येष्ठ होता, आणि अधिक महिन्यातला जावई हा साक्षात नारायण असल्यामुळे त्याला नकार देण्याची सोय परंपरेने ठेवलेली नाही. आईने तेहतीस अनारसे तळून चांदीच्या दिव्यासह त्यांच्या हाती नुकतेच दिले होते, आणि अधिकात तीर्थस्नानाचे पुण्य अनेक पटींनी वाढते हे तिचे मत असल्याने तिने तत्काळ जावयांचा पक्ष घेतला. बाबांनी फक्त आपला दुपट्टा झटकला, आणि लू लागू नये म्हणून प्रत्येकाच्या खिशात एकेक कांदा घातला.

स्थळ ठरले सालबर्डी. सातपुड्याच्या पायथ्याचे हे गाव निम्मे अमरावती जिल्ह्यात आणि निम्मे मध्य प्रदेशात आहे. तिथे महादेवाची गुहा आहे, महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते आणि गरम पाण्याचे कुंडही आहे. थंडीच्या दिवसांत आम्ही तिथे आवडीने जातो. नवतप्यात तिथे जाणारे पहिले कुटुंब आमचेच असावे, असे भाड्याच्या जीपच्या चालकाने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले तिच्यावरून वाटले.

वाटेत भाच्याने एक अडचणीचा प्रश्न विचारला. त्याच्या पुस्तकातल्या उष्णकटिबंधीय अरण्याच्या चित्रात हिरव्यागार वेली, टपटपणारे पाणी आणि रंगीत पोपट होते. जीपच्या दोन्ही बाजूंना मात्र निष्पर्ण साग उभा होता आणि जमिनीवर त्याच्या मोठमोठ्या पानांचा करकरीत थर पडला होता. ‘‘मामा, जंगल केव्हा येणार?’’ असे त्याने विचारले, तेव्हा आम्ही अर्ध्या तासापासून जंगलातच होतो. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, म्हणजे शंभर टक्के उष्णकटिबंधात आहोत. मात्र आपले अरण्य शुष्क पानझडीचे आहे, आणि पानांवाटे उडून जाणारे पाणी वाचवण्यासाठी साग उन्हाळ्यात पानेच टाकून देतो, हे मी त्याला सविस्तर समजावले. त्यावर त्याने, ‘‘मग आपण का आलो?’’ असे विचारले. हा प्रश्न मी त्याच्या वडिलांकडे सोपवला. पुढे तेंदूच्या झाडाखाली पिकलेली टेंभरे सापडली आणि त्याचा निसर्गावरचा राग बराच निवळला.

जावई अभियंते असल्यामुळे झऱ्याची उपपत्ती त्यांनी गाडीतच सांगितली. इथे ज्वालामुखी वगैरे काही नसून, पावसाचे पाणी खडकांतल्या भेगांमधून खोल मुरते, दर किलोमीटरला साधारण 25 ते 30 अंशांनी वाढत जाणाऱ्या भूगर्भाच्या उष्णतेने तापते आणि भ्रंशाच्या वाटेने पुन्हा वर येते. बाबांनी हे सर्व लक्षपूर्वक ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘‘तापासाठी येवढं खोल जायाची काय गरज होती, जावईबापू? आमच्या गच्चीवरच्या काळ्या टाकीत चढलं असतं तर दुपारपर्यंत काम झालं असतं.’’ याच परिसरातल्या खडकांत डायनोसॉरच्या अंड्यांचे जीवाश्म सापडले आहेत, ही माहितीही जावयांनी दिली. ते प्राणी नाहीसे कशाने झाले यावर शास्त्रज्ञांचा बराच खल झालेला आहे. आईने खिडकीबाहेर पाहिले आणि, ‘‘ऊन लागलं असन बिचाऱ्यांना,’’ असे म्हणून तो प्रश्न निकालात काढला.

कुंडापाशी पोहोचलो तेव्हा भर दुपार होती आणि पारा 45 अंशांच्या घरात होता. जावयांनी ‘हर हर महादेव’ म्हणत मोठ्या श्रद्धेने पाण्यात पाय टाकला, थोडा वेळ वाट पाहिली, दुसरा पाय टाकला, आणि हेच ते कुंड का, अशी चौकशी केली. झऱ्याचे पाणी असते चाळिशीच्या आसपास. म्हणजे आम्ही ज्या हवेत उभे होतो तिच्यापेक्षा ते चार-पाच अंशांनी गार होते. शेजारी नारळ-अगरबत्ती घेऊन बसलेल्या बाईंनी त्यांची समजूत घातली, ‘‘पानी तेच हाय जी, हवाच तापली. तुम्ही हिवाळ्यात या, मंग गरम लागते.’’

खरी परीक्षा तर पाण्याबाहेर पडल्यावर झाली. आमच्याकडच्या उन्हाळी वाऱ्यात ओलावा नावालाही नसतो, त्यामुळे ओल्या अंगावरचे पाणी झपाट्याने उडते आणि जाताना अंगातली उष्णता घेऊन जाते. वाळ्याच्या ताट्या आणि कूलर याच तत्त्वावर चालतात, परंतु त्यांना दात नसल्यामुळे ते वाजत नाहीत. जावईबापूंचे वाजत होते. वैदर्भीय नवतप्यात, भर उन्हात, अंगावर काटा आलेला आणि गरम चहा मागणारा माणूस पाहण्यासाठी जीपचा चालकसुद्धा सावली सोडून आला. आईने त्यांना आपल्या पदराने पुसले आणि वर दोन अनारसे खायला लावले, कारण नारायणाला सर्दी होणे अशुभ असते.

परतीच्या वाटेवर जावयांना उबारा आला आणि उबाऱ्यासोबत उत्साहही. त्या बाईंचे म्हणणे शास्त्रशुद्ध असल्याचे त्यांनी जाहीर केले, आणि डिसेंबरमध्ये मित्रांची दोन कुटुंबे घेऊन आठवडाभर मुक्कामाला येण्याचा बेत गाडीतच मांडायला सुरुवात केली. आई मागच्या सीटवर बोटे मोजू लागली. ताईच्या लग्नापासून पुण्याचे नाव काढले की ज्यांचे गुडघे दुखू लागतात, ते आमचे बाबा दुपट्ट्यातून तोंड बाहेर काढून घाईघाईने म्हणाले, ‘‘तुम्ही कशाला तरास घेता, जावईबापू? हिवाळ्यात आम्हीच येतो पुण्याला.’’