चेष्टा नाही हो, खरेपणा

लेखात शाराकू या जपानी चित्रकाराने काबुकीच्या, म्हणजे तिथल्या पारंपरिक नाटकाच्या, नटांची टिंगल केली असं म्हटलंय, ते काही पटलं नाही बुवा. १७९४ मधलं ते ओतानी ओनिजी या नटाचं चित्र जरा झूम करून बघा, खलनायक एदोबेईच्या भूमिकेत, मान पुढे काढलेली, ओठ घट्ट दाबलेले आणि छातीपाशी दोन्ही हातांची बोटं अशी फाकलेली की आता झडपच घालतोय, हे व्यंगचित्र नाहीये, काबुकीत नट ऐन क्षणाला गोठून उभा राहतो ना, ज्याला मिए म्हणतात, तशातलाच जोर आहे तो. मागची काळपट चमक अभ्रकाच्या पुडीची आहे, स्क्रीनवर ती मेलीच समजा.

आणि स्त्रीपार्टी नट, म्हणजे ओन्नागाता, त्यांचा पुरुषी जबडा शाराकूने लपवलाच नाही, बाकीचे चित्रकार गोड बाई काढून मोकळे व्हायचे. फॅन लोक आवडत्या नटाचं चित्र घ्यायला आले नि हातात हे पडलं, मग कसं आवडणार सांगा! जेमतेम दहा महिने काम केलं त्याने, १७९५ नंतर गायबच. आपल्याकडे बालगंधर्वांचं कुणी असं चित्र काढलं असतं तर ठोकला असता लोकांनी 😄