थोर स्त्रियांना वंदन करा आणि लोणावळ्याला निघा

मतदान न करणं मुंबईकराला शिकवावं लागत नाही, ते उपजतच येतं. अवघड आहे ते निराळंच. मत न देताही आपण सुजाण, पुरोगामी आणि विशेषतः स्त्रियांचा आदर करणारे आहोत हे चारचौघांत दिसत राहायला हवं. त्याला साधना लागते. गोरेगावातल्या चार विंगांच्या सोसायटीत हयात काढून आणि तिच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दहा वर्षं टिकून मी जे शिकलो, ते नवशिक्यांसाठी इथे मांडतो.

सुरुवात फोटोपासून करा. नऊवारी, डोक्यावर पदर, फोटो काळा-पांढरा, खाली दोन ओळी आणि जोडलेल्या हातांच्या तीन जोड्या. ३ जानेवारीला सावित्रीबाई, ८ मार्चला ज्या सापडतील त्या सगळ्या. बाई जितकी जुनी तितकी सोयीची. जुन्या बायका उलटून काही विचारत नाहीत. हयातीत विचारत होत्या म्हणूनच त्यांचे फोटो आपल्यापर्यंत पोचले, पण ते कळायला 'पुढे वाचा'वर बोट ठेवावं लागतं. ठेवू नका.

रखमाबाईंचंच घ्या. आपल्या मुंबईच्या, जन्म १८६४चा. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलं. मोठ्या झाल्यावर त्यांनी या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही असं सांगितलं. १८८४ साली नवऱ्यानं हायकोर्टात दावा लावला. १८८७मध्ये कोर्ट म्हणालं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. बाईंनी तुरुंगाची तयारी ठेवली. शेवटी पैसे देऊन तडजोड झाली, त्या इंग्लंडला गेल्या, डॉक्टर होऊन आल्या आणि सुरत, राजकोटला आयुष्यभर बायकांवर उपचार करत राहिल्या. खटला चालू असताना टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहाविरुद्ध पत्रं लिहिली तीसुद्धा 'एक हिंदू स्त्री' या सहीनं. नाव नाहीच. (हे नावाचं प्रकरण पुढे परत येणार आहे. लक्षात ठेवा, किंवा नका ठेवू.) १९५५ साली त्या गेल्या, म्हणजे देशातली पहिली सार्वत्रिक निवडणूक बघून.

एवढं सगळं फॉरवर्ड करायचं नसतं. 'पहिल्या महिला डॉक्टर' इतकंच लिहा. पाच मिनिटांत कुणीतरी म्हणेल, पहिल्या आनंदीबाई. मग पदवी आधी कुणाला, दवाखाना आधी कुणाचा, यावर दोन दिवस रण माजेल. तेवढ्यात मतदानाची तारीख निघून जाते.

आता सिद्धान्ताकडे वळू. 'आपल्याकडे बायकांना मताचा हक्क मागावाच लागला नाही, घटनेनं बसल्या जागी दिला' हे वाक्य पाठ करून ठेवा. बोलताना चष्मा काढून हातात धरला तर आणखी चांगलं. फुकट आलेली वस्तू वापरली नाही तरी मनाला लागत नाही, हा त्यातला फायदा. आपल्या सोसायटीचं जिम आठवा.

फक्त कुणी हेराबाई टाटांचं नाव काढलं तर विषय बदला. कारण १९१९ साली ही पारशी बाई आपल्या तरुण मुलीला, मिठनला, बरोबर घेऊन मुंबईहून बोटीनं लंडनला गेली होती. मताचा हक्क कुणाला द्यावा हे ठरवायला ब्रिटिश सरकारनं नेमलेल्या साउथबरो समितीनं हिंदुस्थानातल्या बायकांना एवढ्यात मत नको असा निर्वाळा दिला होता. तो खोडून काढायला मायलेकींनी पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष दिली. पार्लमेंटनं मुंबईच्या कुठल्याही कचेरीला शोभेल असं उत्तर दिलं: आमच्याकडे नाही, तिकडे विचारा. म्हणजे प्रांतांच्या कौन्सिलांनी काय ते ठरवावं. मुंबईच्या कौन्सिलनं १९२१मध्ये ठरवलं. तेही सगळ्या बायकांना नाही, मालमत्तेच्या अटीत बसतील त्यांनाच. पुढे १९३५च्या कायद्यानं आणखी एक दार उघडलं: नवऱ्याची मालमत्ता पुरेशी असेल तर त्या जोरावर बायकोला मत. म्हणजे बायको मतदार, पण नवऱ्याच्या भिंतीला टेकून. ही व्यवस्था आपल्या बिल्डिंगमध्ये अजून चालू आहे, तिच्याकडे नंतर येऊ.

मिठनबाई तिकडेच शिकल्या, १९२३मध्ये बॅरिस्टर झाल्या आणि मुंबई हायकोर्टात वकिली करणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. रखमाबाईंना नांदायला जा म्हणून सांगणारं तेच हे कोर्ट. मध्ये जेमतेम छत्तीस वर्षं. आमच्या सोसायटीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करणं, याहून सावकाश चाललंय, पण ते असो.

सांगायचं इतकंच, की मुंबई ते लंडन हे अंतर आणि बी विंग ते महापालिकेची शाळा हे अंतर कधी शेजारी ठेवून बघू नका. फोन 'पायी पाच मिनिटं' दाखवतो, तो फोनचा आगाऊपणा समजा. त्याला ऊन माहीत नाही, चढ माहीत नाही, आणि शाळेच्या दारात मोबाइल आत नेऊ देत नाहीत हा तर केवढा मोठा त्रास!

तारखेचा अभ्यास मात्र मन लावून करा. या कलेतला सुवर्णकाळ म्हणजे २००९. आधीच्या नोव्हेंबरात शहरावर हल्ला झाला होता. गेटवेला माणसांचा समुद्र लोटला, मेणबत्त्या लागल्या, आता पुरे असं सगळ्यांनी कॅमेऱ्यासमोर सांगितलं. पाच महिन्यांनी, ३० एप्रिलला, लोकसभेचं मतदान आलं. वार गुरुवार. शुक्रवारी महाराष्ट्र दिन, पुढे शनिवार-रविवार. सलग चार दिवस! मुंबईत मतदान झालं सुमारे ४१ टक्के. मी स्वतः माथेरानला होतो. हवा छान होती, गर्दी फार. सगळी ओळखीचीच माणसं.

मतदानाची सुट्टी भरपगारी असते, हेही ध्यानात घ्या. कायद्यानं ती दुकानं, कारखाने, कचेऱ्यांतल्या माणसांना द्यावीच लागते. आपलं स्वयंपाकघर यांपैकी कशातच मोडत नाही असं धरून चाला.

गोरेगावकरांची अडचण जरा मोठी आहे. आमच्याकडे थोर बाई फोटोत नव्हती, रस्त्यावर होती. मृणाल गोरे. डॉक्टरकीचं शिक्षण अर्धवट टाकून चळवळीत आलेल्या. १९५८मध्ये पती केशव गोरे गेले, पदरी लहान मुलगी. या अवस्थेत माणसं गावी परत जातात. त्या १९६१ला महापालिकेत निवडून गेल्या आणि नळाला पाणी का नाही हे विचारत सुटल्या. इतक्या, की लोकांनी नावच ठेवलं, पाणीवाली बाई. १९७२च्या सुमारास महागाई भडकली तेव्हा त्या, अहिल्याबाई रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते अशा सगळ्यांनी बायकांना लाटणी घेऊन रस्त्यावर आणलं. पक्ष वेगवेगळे, लाटणं एकच. थाळ्या वाजवल्या, मंत्र्यांना घेराव घातले. तेल, रॉकेल, साखर या तीन शब्दांवर अख्खं राजकारण उभं राहिलं. आणीबाणीत मृणालताई आणि अहिल्याबाई दोघींनीही तुरुंग पाहिला आणि १९७७मध्ये दोघीही मुंबईतून लोकसभेवर गेल्या. इंदिराबाई पडल्या होत्या, म्हणून घोषणा झाली: 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात.' लाटणं दाखवून जे झालं नव्हतं ते मतपत्रिकेवर शिक्का मारून झालं, असं कुणी म्हणू लागलं तर त्याला चहा विचारा.

मृणालताईंना आदरांजली वाहायची उत्तम सोय सरकारनंच करून ठेवली आहे. एस. व्ही. रोडकडून हायवेला जाणाऱ्या उड्डाणपुलाला त्यांचं नाव दिलंय. मतदानाच्या दिवशी सकाळी सहाला गाडी काढा, त्या पुलावरून वेगानं जा, मनातल्या मनात हात जोडा (स्टिअरिंग सोडू नका), आणि हायवे गाठा. पुलाखालच्या वस्तीत टँकर उभा असेल तर काच वर करा.

आता घरातलं मत. पुष्कळ नवरे अभिमानानं सांगतात, आमच्या घरात पूर्ण लोकशाही आहे: भाजी कुठली ते ती ठरवते, सरकार कुठलं ते मी. हे १९३५च्या कायद्याला धरूनच आहे. बायकोनं कधी वेगळं मत बोलून दाखवलंच तर चिडू नका. 'तुला राजकारण कळत नाही' असंही म्हणू नका, ते जुनं झालं. 'तू कशाला उन्हात येतेस?' असं म्हणा. प्रेमानं. मायेच्या आवाजात बोललेलं हे वाक्य साउथबरो समितीच्या अख्ख्या अहवालापेक्षा परिणामकारक आहे.

आणि सगळ्यात शेवटी ठेवलेलं हुकमी पान: 'यादीत नावच नाही.' हे म्हणण्यापूर्वी यादी बघू नका. शोधलं की नाव सापडण्याचा धोका असतो. नव्या नोंदणीला नमुना ६, पत्ता बदलला तर नमुना ८, हे सगळं घरबसल्या फोनवरून करता येतं ही बातमी आपल्यापर्यंत पोचलेलीच नाही अशी मुद्रा ठेवा.

यादीतल्या नावावरून आठवलं. १९५१-५२ची पहिली निवडणूक. मुंबईनं त्यात आपलं कर्तव्य मोप बजावलं, पोलादी मतपेट्या लाखोंनी विक्रोळीच्या गोदरेजच्या कारखान्यात बनल्या. (तेवढ्यावर आपल्याला पुढच्या दोन-तीन पिढ्या सूट मिळायला हरकत नव्हती.) पण याद्या करणारी माणसं दारोदार गेली तेव्हा कित्येक बायका नाव सांगेनात. अमक्याची आई, तमक्याची बायको, बस्स. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी असली नोंद चालणार नाही असं ठणकावलं, आणि सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळली. मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांत. 'म्हणजे आपल्याकडे नाही' असं लगेच म्हणून टाका. बऱ्याच अंशी खरंही आहे.

म्हणाल आणि फोन उघडाल. तिथे नावं असतील: चिनूची आई. ४०२ मिसेस. पोळ्यावाल्या काकू. आणि 'बाई भांडी'.

'बाई भांडी' यांची झोपडी पुनर्विकासात गेली, त्या संक्रमण शिबिरात राहायला गेल्या, पत्ता बदलला. मतदार यादीतलं नाव नव्या पत्त्यावर आणायला त्यांनी तीन खेपा घातल्या. एकदा कागद कमी, एकदा माणूस जागेवर नाही, तिसऱ्यांदा जमलं. ते तीन खाडे तुम्ही पगारातून कापलेत, योग्यच केलंत. त्यांना कुणीही 'प्रेरणादायी' म्हटलेलं नाही. काळा-पांढरा फोटो नसल्यानं तसं म्हणताही येत नाही.

मतदानाच्या दिवशी त्या साताच्या आत शाळेत जाऊन उभ्या राहतात, कारण आठला पहिलं घर गाठायचं असतं. खोलीत शिरल्यावर पहिला अधिकारी यादी चाळतो आणि अनुक्रमांक आणि नाव मोठ्यानं वाचतो. पलीकडे बसलेल्या पक्षांच्या एजंटांना ऐकू जावं, म्हणून ती पद्धतच आहे. पूर्ण नाव, आडनावासकट, खणखणीत.

तुम्ही त्या वेळी घाट चढत असाल, ते एका अर्थी बरंच. नाहीतर रांगेत त्यांच्या मागे नंबर लागला असता आणि चौदा वर्षं आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईचं नाव सगळ्यांसमोर पहिल्यांदा कानावर पडलं असतं.