पॉलिक्लिनिक गुंडाळा म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

नेरुळ-ऐरोलीपासून डोंबिवलीपर्यंत माजी सैनिकांच्या ग्रुपांवर त्यांच्या ‘ईसीएचएस’ या सरकारी आरोग्ययोजनेबद्दल एक मेसेज फिरतोय. ‘ईसीएचएसचं पॉलिक्लिनिक म्हणजे नुसतं रेफरलवर शिक्के मारायचं ठिकाण. हार्ट अटॅक आला तरी आधी तिथं रांग लावा. अमेरिकेनं सैनिकांचे दवाखाने बंद करून हातात कार्ड दिलं, आपणही तेच करावं.’ खाली तिरंगा आणि ‘सर्वांना पाठवा’.

अटॅकचं आधी घेतो, कारण ती थाप एखाद्याच्या जिवावर बेतेल. इमर्जन्सीत रेफरल, म्हणजे मोठ्या हॉस्पिटलात जायची पॉलिक्लिनिकची चिठ्ठी, लागत नाही. पॅनेलवरच्या, म्हणजे योजनेशी करार असलेल्या हॉस्पिटलात थेट दाखल व्हायचं. दोन दिवसांत पॉलिक्लिनिकला कळवणं हॉस्पिटलचं काम. पॅनेलबाहेरचं हॉस्पिटल जवळ असेल तर तिथं जा. मग 48 तासांत घरच्यांनी कळवायचं, बिल आधी आपण भरायचं, नंतर ठरलेल्या दरानं परतावा.

अमेरिकेचं म्हणाल तर अर्धीच गोष्ट सांगितली आहे. तिथल्या माजी सैनिकांची आरोग्यसेवा ‘व्हीए’ हे सरकारी खातं चालवतं. 2014 मध्ये फिनिक्स शहरातल्या व्हीए हॉस्पिटलाच्या प्रतीक्षायादीचा घोटाळा उघड झाल्यावर बाहेरच्या खासगी डॉक्टरांची वाट मोकळी झाली, 2018 च्या मिशन कायद्यानं ती रुंदावली, हे खरं. पण त्याला अटी आहेत: व्हीएच्या प्राथमिक डॉक्टरकडे पोचायला गाडीनं सरासरी 30 मिनिटांहून जास्त लागत असतील, किंवा 20 दिवसांत नंबर लागत नसेल, अशा. दवाखाने कुणी बंद केले नाहीत. उलट 1994 ते 1999 या काळात व्हीएची आरोग्यसेवा सांभाळणाऱ्या डॉ. केनेथ कायझर यांनी हॉस्पिटलातल्या निम्म्याहून जास्त खाटा कमी केल्या आणि वस्त्यांजवळ शेकडो छोटे दवाखाने उघडले. 2000 साली उपचारांच्या दर्जाचे 13 निकष तपासले, त्यातल्या 12 मध्ये व्हीए मेडिकेअरच्या पुढे होती. आणि ही मेडिकेअर म्हणजे काय, तर ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, कार्ड दाखवून तो घेणाऱ्या हव्या त्या डॉक्टरकडे जायची सोय! मेसेज लिहिणाऱ्यानं हे वाचलेलं दिसत नाही.

राहिला शिक्क्याचा मुद्दा. आमच्या शेजारच्या निवृत्त हवालदार काकांना मोठ्या हॉस्पिटलाचाच भरवसा. हृदयाचे डॉक्टर एकीकडे, गुडघ्याचे दुसरीकडे. पॉलिक्लिनिकातल्या मॅडमनी एकदा त्यांची औषधांची पिशवी टेबलावर रिकामी केली. रक्तदाबावरच्या टेल्मिसार्टनच्या दोन पट्ट्या निघाल्या, नावं वेगळी, गोळी एकच. काका दोन्ही घेत होते. वर लघवी साफ होण्याची गोळी आणि गुडघ्यासाठी रोजची पेनकिलर. हे त्रिकूट मूत्रपिंडाला घातक. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड थकल्याची खूण, वाढलेलं होतंच. दोन्ही स्पेशालिस्टांनी आपापल्या जागी योग्य तेच लिहिलं होतं, पण अख्खी पिशवी बघणं दोघांच्याही वाट्याला आलं नव्हतं. रेफरल देण्याआधी हे बघणारं माणूस काढून टाकलं, तर कार्ड घेऊन काका आणखी दोन पट्ट्या आणतील, एवढंच.

गर्दी असते, औषधं कधी कधी मिळत नाहीत, डॉक्टर कंत्राटी असल्यानं ओळख होईतो बदलतात. या तक्रारी शंभर टक्के खऱ्या. त्यावरचा उपायही व्हीएकडेच बघा: तिथं 2010 पासून एका प्राथमिक डॉक्टरमागे साधारण 1,200 रुग्ण, आणि त्याच्या जोडीला नर्स, सहायक, कारकून अशी टीम बांधली. लष्कराच्या स्टेशन हेडक्वार्टरला अर्ज द्यायचाच असेल तर पॉलिक्लिनिक बंद करायचा नको. पेशंटला दर वेळी तोच डॉक्टर मिळावा, असा द्या. मी सही करतो.