झाडं लावायची नाहीत, तोडायची आहेत

मागच्या महिन्यात आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडला: "या वर्षी वृक्षारोपण करू या. स्प्रिंगब्रुकला एवढी जागा नुसती रिकामी पडलीय." धडाधड अंगठे आले. मी एकटीनेच लिहिलं, "नको गं बाई." तेव्हापासून ग्रुपवर मी पर्यावरणद्रोही आहे, म्हणून आता इथे सविस्तर लिहितेय.

नवीन आलेल्यांसाठी सांगते. स्प्रिंगब्रुक प्रेअरी म्हणजे अमेरिकेत शिकागोजवळच्या आपल्या नेपरव्हिलमधला १८०० एकरांहून मोठा गवताळ पट्टा. ड्यूपेज काउंटीत जी अशी राखीव रानं आहेत, ती १९१५ साली स्थापन झालेल्या फॉरेस्ट प्रिझर्व्ह डिस्ट्रिक्ट या सरकारी संस्थेकडे आहेत. प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावर त्यांच्या नावाची एक ओळ असते. बिल आलं की आपण शाळांच्या आकड्यावर चडफडतो, ही ओळ कुणी बघतसुद्धा नाही. पैसे आपलेच आहेत, तर निदान जाऊन फिरा तरी!

बरं, जातो तेही कसे? पाहुणे आले की वॉटरफॉल ग्लेनला. तिथे नऊ-साडेनऊ मैलांचा फेरा आहे, पण दीड मैलातच विचारणा सुरू होते, "धबधबा कुठाय?" अहो, ते नाव धबधब्याचं नाहीच. सीमोर वॉटरफॉल म्हणून डिस्ट्रिक्टचे जुने अध्यक्ष होते, त्यांच्या आडनावावरून पडलंय. छोटासा धबधबा आहे तिथे, पण भुशी डॅम डोक्यात घेऊन गेलात तर तोंड पाडूनच परत याल.

आता मूळ मुद्दा. स्प्रिंगब्रुकची जागा रिकामी नाही. मला हे कुठल्या पाटीवर वाचून कळलं नाही, आईमुळे कळलं.

आमचं गाव सोलापूरजवळ, नान्नजच्या माळाच्या अंगाला. आई इथे आली तेव्हा जुलै होता. मॉर्टन आर्बोरेटम, शिकागोचं तळं, सगळं तिनं "छान आहे हो" म्हणत बघितलं. स्प्रिंगब्रुकला मात्र गाडीतून उतरली आणि उभीच राहिली. छातीएवढं गवत, वारा, पलीकडे नुसतं आभाळ. "अगं, हे तर आपलं माळरान!" मग वाटेच्या कडेचं एक पान तिनं नखानं खुडलं. पांढरा चीक आला. "ही रुईच की गं." मिल्कवीड ते. मारुतीला आपण जिची माळ घालतो, त्या रुईच्याच कुळातलं. जवळच्याच पानावर पिवळ्या-काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी निवांत खात बसली होती, मोनार्क फुलपाखराची. तिला मिल्कवीड सोडून दुसरं काही चालत नाही. (इथे पान खुडायला बंदी आहे. आईला ते सांगेपर्यंत तिची नजर चाकवताकडे वळली होती. कशीबशी गाडीत बसवली.)

पूर्वी इलिनॉयमध्ये अशा गवताची सुमारे २.२ कोटी एकर जमीन होती. १८३७ मध्ये जॉन डिअरनं याच राज्यात पोलादी नांगर बनवला, चिकट काळी माती उलटता येऊ लागली, आणि सगळीकडे मका झाला. आज अस्सल, न नांगरलेली प्रेअरी दहा हजार एकरांमागे एक एकरही उरलेली नाही. स्प्रिंगब्रुकचंही बरंचसं रान पुन्हा बी पेरून उभं केलेलं आहे. त्यात जमिनीवर घरटी करणारे पक्षी आहेत, हिवाळ्यात गवतावरून खालून खालून तरंगणारे भोवत्ये (हॅरियर पक्षी) आहेत. त्यांना झाड नको असतं. मधेच एक झाड उभं राहिलं की त्यावर शिकारी पक्षी टेहळणीला बसतो आणि खाली घरटं करायची कुणाची हिंमत होत नाही.

शाळेत असताना आम्हालाही माळावर रोपं लावायला नेलं होतं. "झाडे लावा, झाडे जगवा" ओरडत ओळीनं गेलो होतो. कुणालाच वाटलं नाही की माळाला माळच राहायचं असेल. कागदावर तो पडीक! त्या माळावर आज वेडी बाभूळ माजलीय आणि माळढोक बघायला मिळत नाही. एकट्या झाडांनी त्याला घालवलं असं मी म्हणत नाही, कारणं पुष्कळ आहेत. पण त्या रांगेत मीही होते, हे डोक्यातून जात नाही.

इथली वेडी बाभूळ म्हणजे बकथॉर्न. युरोपातून कुंपणासाठी आणली. काळी फळं पक्षी खातात आणि बी गावभर टाकतात. ओळखायची खूण सोपी: नोव्हेंबरात सगळं रान उघडं झालं तरी ही हिरवीगार असते. तिच्या सावलीत खाली काही म्हणजे काही उगवत नाही.

दोन वर्षांपूर्वी स्वयंसेवकांच्या एका शनिवारी मी घाबरतच गेले. हातात करवत दिली. पहिलं खोड कापताना खरंच मनात "पाप लागेल" आलं. कापल्यावर आत भगवट नारिंगी रंग दिसला, इतका सुंदर की मी थांबलेच. शेजारचे सत्तरीतले आजोबा म्हणाले, "दिसते सुंदर. पुढची कापा." मागून परवाना असलेली एक बाई बुंध्यांवर निळं औषध लावत येत होती, नाहीतर त्याच बुंध्यातून दहा फुटवे येतात. दुपारी बर्फातच फांद्यांचे ढीग पेटवले. घरी आल्यावर केसांना दोन दिवस होळीचा वास.

गवतालाही आग लावतात, वसंतात आणि शरदात, रीतसर वारा बघून. इथले मूळ लोकही लावायचे. गवताची मुळं काही फूट खोल असतात, त्यांना काही होत नाही. मरतात ती वर घुसलेली झुडपं. एप्रिलात काळंठिक्कर पडलेलं रान दोन-तीन आठवड्यांत असं हिरवं होतं की आदल्या फोटोवर विश्वास बसू नये.

तर मंडळाला माझं म्हणणं एवढंच: बॅनर छापा, टी-शर्ट छापा, फोटो काढा, पण रोपं आणू नका. दहाजण करवत धरायला चला. हातमोजे तिथे मिळतात. जुनी जीन्स घाला, बकथॉर्नचे काटे योगा पँट ठेवत नाहीत. येणाऱ्यांनी कॉमेंटमध्ये नाव टाका. आल्याचा चहा मी आणते, साखर कमी हवी असेल तर आधी सांगा.